उजनीतली बोट आणि न झिजलेलं झिंक

आमचं वर्कशॉप अक्कलकोट रोड एमआयडीसीत, पंपाचे शाफ्ट, मोटरी, बॉयलरची किरकोळ कामं असली सगळी. त्यात एका ओळखीच्या माणसाचा फोन आला की उजनीच्या बॅकवॉटरला एक शिडाची बोट आहे, तिच्या इंजिनाचा पाण्याखालचा पंखा (प्रोपेलर) खराब होतोय, बघून जा. सोलापुरात बसून शिडाची बोट कुठं बघायला मिळणार, लगेच निघालो.

बोट समुद्रावरनं आणलेली, मालक पुण्याचे. पाणी उतरलं होतं म्हणून ट्रॉलीवर काढून ठेवलेली. मालक म्हणाले, "अण्णा, झिंक एकदम चांगलंय, बघा, अजून झिजलंच नाही." आणि मला तिथंच खटकलं, कारण पंखा फिरवणाऱ्या शाफ्टवर झिंकचा, म्हणजे जस्ताचा, तुकडा लावतातच झिजण्यासाठी, तो झिजतो म्हणून शाफ्ट आणि पंखा वाचतो, आणि इथं झिंक अख्खंच्या अख्खं आणि पंख्याच्या पात्याची कड गुलाबी पडलेली! पंख्याच्या पितळात मिसळलेलं झिंक निघून गेलं की मागं नुसतं तांबं उरतं, तो हा रंग. हातोडीनं हलकं ठोकलं तर आवाज बद्द आला, कड चुरा होऊन खाली पडली.

शाफ्टवरच्या ॲनोडवर, म्हणजे त्या झिजायला लावलेल्या झिंकच्या तुकड्यावर, पांढरा कडक थर होता, नखानं निघेना. उजनीचं पाणी गोडं, भीमेचं. गोड्या पाण्यात झिंकवर असा थर बसतो आणि ते काम करायचं बंद होतं. समुद्राला झिंक ठीक, गोड्या पाण्याला मॅग्नेशियमच पाहिजे, त्याचं व्होल्टेज जास्त असतं म्हणून ते कमी करंट वाहणाऱ्या पाण्यातही रेटतं. हे मला बोटीमुळं नाही, गिझरमुळं माहीत होतं, गिझरच्या टाकीतला रॉड मॅग्नेशियमचाच असतो आणि आपल्याकडं बोअरच्या पाण्यावर ते कितीदा बदललेत.

मालकांना पटेना, म्हणाले बोटीला झिंकच लावतात, सगळीकडं तेच. बरोबरच आहे की, हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानं १८२४ मध्ये जहाजांच्या तळाचे तांब्याचे पत्रे वाचवायला झिंक आणि लोखंड वापरून दाखवलं, पण ते खाऱ्या पाण्यात ना. त्यांना ती चुरा झालेली कड हातात दिली, मग गप बसले.

मॅग्नेशियमचे ॲनोड मागवले आणि पुन्हा गेलो. जुनं झिंक एकही ठेवलं नाही, कारण दोन्ही लावलं तर मॅग्नेशियम त्या झिंकलाच वाचवत बसतं. शाफ्ट पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला, ॲनोडचे दोन तुकडे ॲलन कीनं आवळले, मल्टिमीटर लावून शाफ्ट ते ॲनोड एक ओहमच्या आत आहे का ते बघितलं. हे लोक चुकवतात, खाली गंज तसाच ठेवून वर ॲनोड कसतात, मग कनेक्शनच होत नाही. पोऱ्या ॲनोडला पण रंग मारायला निघाला होता, ब्रश काढूनच घेतला, रंग लागला की ॲनोड मेला. पंखा मात्र वाचला नाही, नवा घ्यावा लागला.

मालकांना सांगून आलोय, निम्मा झिजला की बदला, आणि बोट परत समुद्रात न्यायची असेल तर आधी मॅग्नेशियम काढून झिंक लावा, खाऱ्या पाण्यात ते बघता बघता संपतं.