जुना ट्रॅक्टर अपडेट: ऑइलमध्ये डिझेल कुठून उतरतंय ते सापडलं

माझ्या जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनमधल्या ऑइलची लेव्हल आपोआप वाढत होती. असं म्हटल्यावर ज्याला त्याला नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) आठवतात, नाहीतर पिस्टनच्या रिंगा. बोअर करून टाका, हेड उचला, असे सल्ले भरपूर मिळाले. पण हेड उचलायच्या आधी काही फुकटातल्या टेस्ट असतात, त्या आधी केल्या.

आपलं मशीन म्हणजे तीन सिलिंडर, नोझलना प्रेशरनं डिझेल देणारा रोटरी पंप (हाच मेन पंप) पुढच्या गिअरांच्या पेटीला, म्हणजे टाइमिंग केसला, मागून बसवलेला, टाकीतलं डिझेल त्याच्याकडं ढकलणारा डायफ्रामवाला फीड पंप ब्लॉकच्या बाजूला आणि डिझेल टाकी बॉनेटखाली, पंपाच्या वर. टाकी वर आहे, म्हणजे इंजिन बंद असतानाही डिझेल आपोआप खाली येतं, हे लक्षात ठेवा, सगळा तपास त्यावरच आहे.

पहिलं म्हणजे ते डिझेलच आहे का? पाणी असतं तर ऑइल मापायच्या काडीला दुधाळ चहाचा रंग दिसला असता. हायड्रॉलिक पंप इंजिनच्या गिअरवर चालत असेल तर त्याचं सील जाऊनही लेव्हल वाढते, वास येत नाही आणि तिकडं हायड्रॉलिकचं ऑइल कमी होत जातं, हे बरेच जण बघतच नाहीत. आमच्याकडं हायड्रॉलिकची लेव्हल जागच्या जागी, आणि काडीवरून ऑइल टपाटप गळतंय, वासही येतोय. टिपकागदावर एक थेंब वापरलेल्या ऑइलचा आणि शेजारी त्याच ग्रेडच्या नव्या ऑइलचा टाकला, थोड्या वेळानं काळ्या डागाच्या बाहेर फिकट तेलकट कडं लांबपर्यंत पसरलं, नव्याला तसं काही नाही, म्हणजे डिझेलच. ऑइल लागलेली ती काडी पेटवून बघायचा शहाणपणा मात्र कुणी करू नका.

आणि लेव्हल वाढलेली असताना स्टार्टर मारू नका राव. ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) किंवा रिंगांवरून ते पातळ ऑइल वर गेलं की इंजिन त्याच्यावरच पळतं, मग स्टॉपची दोरी ओढून काही होत नाही, हवाच बंद करावी लागते. मी आधी ऑइल काढलं आणि तरीही पुढं इंजिन चालवायची वेळ आली तर म्हणून प्लायवूडचा तुकडा एअर क्लीनरच्या पाइपाजवळ ठेवला (हात लावायचा नाही तिथं, ओढून घेतं).

आता मुख्य गोष्ट. उभ्या मशीनमध्ये उतरतंय का चालू असताना, हे आधी वेगळं करायचं. नवीन ऑइल खुणेपर्यंत भरलं, सपाट जागा, टाकी फुल, टाकीचा कॉक चालू ठेवून रात्रभर सोडलं, सकाळी काडीवर लेव्हल वर. मग कॉक बंद केला आणि रिटर्नचा पाइप (उरलेलं डिझेल परत नेणारा) काढून दोन्ही तोंडं बंद केली, कारण रिटर्न टाकीतच जातो आणि नुसता कॉक बंद करून तिकडून डिझेल यायचं थांबत नाही. त्या रात्री लेव्हल हलली नाही. म्हणजे नोझलवरचा संशय गेला, पंप फिरत नसताना नोझलपर्यंत प्रेशरच जात नाही. चालू असतानाच वाढलं असतं तर एकेका नोझलचा पाइप ढिला करून कुठला सिलिंडर ते शोधावं लागलं असतं.

राहिले दोघं, फीड पंप आणि मेन पंप. फीड पंप काढला, भोकावर पॅकिंग लावून पत्र्याची प्लेट मारली, टाकीचा पाइप थेट फिल्टरला जोडला. पुन्हा वाढली! मग टाइमिंग कव्हरवरची छोटी प्लेट काढून बॅटरीच्या उजेडात बघितलं तर गिअरच्या मागं, शाफ्टच्या बाजूला सगळं लख्ख, बाकी आत काळंकुट्ट. रोटरी पंप आतून डिझेलवरच चालतो, स्वतःचं वेगळं ऑइल नसतं, त्यामुळं त्या डिझेल आणि इंजिनच्या ऑइलच्या मधे फक्त शाफ्टचं सील असतं.

फ्लँजवर खूण करून, गिअरचे बोल्ट काढून पंप बाहेर घेतला, गिअर आतच ठेवला आणि तो जागचा हलू नये म्हणून तेव्हापासून इंजिनला कुणाला हात लावू दिला नाही. पंप कोल्हापूरला उद्यमनगरात दुरुस्तीला दिला. सील दगड झालं होतं आणि शाफ्टवर त्याची खाच पडलेली, शिवाय रिटर्नचा बॅन्जो (पाइपाच्या टोकाचा पोकळ बोल्टवाला जोड) अर्धा कचऱ्यानं भरलेला. रिटर्न तुंबला की पंपाच्या पोटात प्रेशर वाढतं आणि नवीन सीलही फार टिकत नाही, म्हणून तो पाइप साफ न करता कुणी नुसतं सील बदलून देत असेल तर घेऊ नका. एक संशय मात्र डोक्यात आहे, जुन्या नायट्राइल रबराच्या सीलना डिझेल बदललेलं सोसत नाही, अमेरिकेत १९९३ ला डिझेलमधलं सल्फर कमी केल्यावर पंप गळायला लागल्याच्या तक्रारी आल्याच होत्या. आपल्याकडं २०२० पासून १० पीपीएम (दहा लाखात दहा भाग) सल्फरचं आलंय. माझं सील निव्वळ वयानंही गेलं असेल म्हणा.

पंप परत आलाय, खुणेवर बसवला, एअर काढली. रात्रभराची टेस्ट पास. आत्ता स्वस्तातलं ऑइल घालून थोडा वेळ चालवून ते काढणार, फिल्टर बदलणार आणि मग १५डब्ल्यू-४० ग्रेडचं नेहमीचं ऑइल. त्याच वेळी खालचं ऑइल चेंबर खोलून बिगएंडचे (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचे) बेअरिंग बघायचे आहेत, पातळ ऑइलवर किती दिवस चाललंय हे आधीच्या मालकालाच ठाऊक. पॅकिंग आणून ठेवलंय, बेअरिंगची साइज आधी मापतो मग ऑर्डर.