तुम्ही विचारलंत म्हणून: गांज्याचं व्यसन लागतं का?

"गांज्याचं काही व्यसन लागत नाही ना?" हा प्रश्न मला दोन सुरांत विचारला जातो. मैत्रिणींची मुलं विचारतात तेव्हा 'नाही' हे उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. त्यांच्या आया विचारतात तेव्हा आवाज खाली आलेला असतो आणि स्वयंपाकघराचं दार लोटलेलं असतं. मलाच विचारतात, कारण मी कॉलेजपासून चाळिशी उलटेपर्यंत ओढत होते हे आमच्या गोतावळ्यात आता सगळ्यांना ठाऊक आहे.

तर, लागतं. सगळ्यांना लागत नाही. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीचा आकडा अजून सगळीकडे फिरतो: आयुष्यात एकदा तरी गांजा ओढलेल्यांपैकी साधारण 9 टक्के लोक पुढे त्यात अडकतात. दारूचे 15, तंबाखूचे 32. मुलं हा 9 चा आकडा तोंडपाठ करून येतात. पण लोणावळ्याच्या सहलीत एक झुरका मारून खोकत बसलेलाही त्या शंभरात मोजलेला असतो. रोज ओढणारे तेवढे वेगळे काढले, की प्रमाण कितीतरी वर जातं. मी रोज ओढणाऱ्यांतली.

माझं काम व्हिडिओ एडिटिंगचं. रात्री घर झोपलं, की टेबलाचा खालचा खण उघडायचा. पुडीतल्या बिया-काड्या निवडायच्या, माल तळहातावर चुरायचा, सिगारेट रिकामी करून थोडी तंबाखू मिसळायची, गोगोत, म्हणजे जॉइंट वळायच्या पातळ कागदात, गुंडाळून कडेला जीभ लावायची. ते निवडत बसणं मला ओढण्याइतकंच आवडायचं. कामं वेळेवर जायची, घराचे हप्ते भरले जायचे, कुणाशी तंटा नाही. माझ्या डोक्यातला गंजेडी म्हणजे देवळामागे चिलमीला छापी, म्हणजे ओलं फडकं, गुंडाळून बसलेला बाबा. त्याचा-माझा काय संबंध?

दरवर्षी गौरी-गणपतीला आम्ही राजापूरजवळ सासरी जायचो. तिथे ओढायची सोयच नव्हती, आणि मी ते मिरवायचे: बघा, इतके दिवस हात लावत नाही, व्यसन असतं तर जमलं असतं? आता तिथे काय व्हायचं ते ऐका. दुसऱ्या दिवसापासून डोकं फिरलेलं. पानात उकडीचा मोदक, वर तुपाची धार, आणि माझ्या तोंडात घास फिरतोय. रात्र रात्र झोप नाही. पहाटे डोळा लागलाच तर उशीचा अभ्रा घामाने ओला. जाऊ साधं "नारळ खवून झाला का गं?" म्हणाली तरी वस्सकन अंगावर जायचे. सासूबाई म्हणायच्या, "तिला इथलं पाणी सोसत नाही." नवऱ्याच्या मते प्रवासाचा शीण. माझ्या मते दमट हवा आणि अख्ख्या खानदानाची भांडी. पुण्याला परत आलं, रात्री एक जॉइंट मारला, की सगळं जागच्या जागी. म्हणजे कोकणच बाधत होतं, नाही का!

मला या प्रश्नावर मुख्यतः एवढंच सांगायचंय: गांजा तोडल्यावर होणारा त्रास इतका बेताचा असतो, की तो दुसऱ्या कशाच्याही नावावर खपतो. रोजच्या दारुड्याने दारू एकदम तोडली तर हात थरथरतात, भास होतात, फिटसुद्धा येऊ शकते. घरचे उचलून दवाखान्यात नेतात. गांज्यातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, शरीरातल्या चरबीत मुरतं आणि बाहेर पडायला आठवडे घेतं, त्यामुळे तसा दणका बसत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत चिडचिड, बेचैनी, भूक मरणं, झोप उडणं सुरू होतं, पहिल्या आठवड्यात ते टोकाला जातं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. म्हणजे बरोबर आमचा गणपतीचा मुक्काम. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत या त्रासाला जागा मिळाली ती 2013 साली, मग सासूबाईंना काय दोष द्यायचा?

हाच प्रकार रोज छोट्या मापात चालतो. संध्याकाळ झाली की मी करवादायचे, क्लायंटच्या नावाने खडे फोडायचे, रात्री ओढला की शांत व्हायचे. यावरून निष्कर्ष काय? गांजा हे माझं औषध. त्या करवादण्यात क्लायंटचा वाटा किती आणि आदल्या रात्रीचा माल उतरल्याचा किती, हे रोज ओढणाऱ्याला कळायला मार्गच नसतो. शिवाय रोजच्या माऱ्याने मेंदूतले टीएचसीला प्रतिसाद देणारे रिसेप्टर कमी होत जातात, म्हणून पुडी लवकर संपायला लागते. बंद केल्यावर चारेक आठवड्यांत ते बरेचसे पूर्ववत होतात, हे मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलेलं आहे.

आपल्याकडे तंबाखूची भानगड वेगळीच. आपण जॉइंटमध्ये ती मिसळतोच. मी स्वतःला सिगारेट ओढणारी कधी समजलेच नाही, पण सोडल्यावर सकाळच्या चहाबरोबर जीव कासावीस व्हायचा तो निकोटीनसाठी. डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते "तंबाखू किती?" त्यासाठी च्युइंग गम दिली. गांजा सोडवणारं असं मान्यताप्राप्त औषध नाही. समुपदेशन, आणि दिवस काढणं. त्या दिवसांत मला फार स्पष्ट, विचित्र स्वप्नं पडायची. हेही नेहमीचंच, असं डॉक्टर म्हणाले.

माझा एकोणीस वर्षांचा भाचा मला 1893-94 च्या हेम्प ड्रग्ज कमिशनचा दाखला देतो. मर्यादित सेवनाने विशेष अपाय होत नाही, असं खुद्द इंग्रजांनी लिहून ठेवलंय म्हणे. लिहिलंय. अतिसेवनाने होतो, असंही तिथेच लिहिलंय. भांग तर कायद्यात बसते, हा त्याचा दुसरा मुद्दा. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांज्याच्या व्याख्येतून नुसती पानं वगळली, हे खरं, पण मेंदूला कायद्याची कलमं कुठे वाचता येतात? एम्सने केलेल्या 2019 च्या देशव्यापी पाहणीत भांग-गांजा-चरसच्या सेवनामुळे मदतीची गरज असलेले सुमारे 72 लाख लोक निघाले. पण भाच्याशी मी आकड्यांवर वाद घालत नाही. त्याच्या सख्ख्या काकांना स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार आहे. ज्या घरात तो आजार आहे तिथल्या मुलाने या वयात गांजा ओढणं म्हणजे त्याच आजाराची जोखीम अंगावर घेणं. माझ्यासारखी सवय लागेल ही त्यातली लहान भीती. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय, आणि तो सध्या माझ्याशी बोलत नाही.

आयांचा पुढचा प्रश्न ठरलेला: डॉक्टरकडे नेलं तर पोलिसांत जाईल का? आपणहून उपचाराला आलेल्याला पोलिसांच्या हवाली करणं हे डॉक्टरांचं काम नव्हे. त्याच 1985 च्या कायद्याच्या 64अ कलमात, फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं. 14446 ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. आधी तिथे फोन करा, माझ्याकडे नंतर या.

आणि मुलं जाता जाता विचारतातच, मावशी, परत ओढावंसं वाटतं का? वाटतं. रात्री अकराच्या सुमाराला, एडिट अडकलं की हमखास. मग मी लॅपटॉप मिटून झोपायला जाते. त्यामुळे हल्ली कामं उशिरा जातात आणि क्लायंट कुरकुर करतात.