बसखरेदीच्या निविदेत ‘स्थानिक मूल्य’ कसं मोजायचं

केंद्राच्या २०१७ च्या ‘मेक इन इंडिया’ खरेदी आदेशानुसार किमान ५०% स्थानिक मूल्य (वस्तूच्या किमतीतला भारतात तयार झालेला वाटा) असलेला पुरवठादार ‘क्लास-१’, तर २०% ते ५०% मधला ‘क्लास-२’.

टक्केवारी चुकते ती बहुतेकदा आयात सीमाशुल्कावर. समजा, जीएसटी वगळून इलेक्ट्रिक बसची किंमत १२० लाख आहे. आयात केलेले बॅटरी सेल, मोटर, कंट्रोलर मिळून ५० लाख. म्हणजे स्थानिक मूल्य ५८%? नाही. त्यावर भरलेलं ७ लाख सीमाशुल्कही आयातीतच धरायचं. आकडा ५२.५ वर येतो. आता किमतीत वाहतूक, विमा, प्रशिक्षण, विक्रीपश्चात सेवा असे ६ लाख असतील, तर तेही स्थानिक म्हणून मोजता येत नाहीत. उरले ४७.५%, आणि क्लास-१ गेला! भारतीय वितरकाकडून घेतलेला परदेशी सुटा भागही परदेशीच. बिल पुण्याचं असलं तरी.

क्लास-१ ला खरेदीत प्राधान्य असतं; पण प्राधान्य म्हणजे जास्त दर मिळतो, हा गैरसमज. एल-१ (सर्वांत कमी दर भरणारा) क्लास-१ नसेल आणि माल विभागता येत असेल, तर अर्धी ऑर्डर एल-१ ला. उरलेल्या अर्ध्यासाठी २०% फरकाच्या आतल्या सर्वांत स्वस्त क्लास-१ ला विचारतात. पण दर एल-१ चाच. एल-१ चा दर १०० आणि तुम्ही ११८ भरलेत, तर १०० वर यावं लागेल.

१० कोटींवरच्या खरेदीत ऑडिटर किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्र लागतं. ते बीओएममधल्या (सुट्या भागांच्या यादीतल्या) प्रत्येक ओळीच्या बिलांशी जुळवून घ्या. खोट्या घोषणेला दोन वर्षांपर्यंत बंदी आहे.