सगळे अहवाल नॉर्मल, पण गर्भाशयमुखाचे काय?

वीर्यतपासणी व्यवस्थित, बीजनिर्मिती नियमित, दोन्ही गर्भनलिका मोकळ्या; एवढे झाल्यावर आमच्या फाइलवर 'अनएक्सप्लेन्ड इन्फर्टिलिटी', म्हणजे कारण न सापडलेले वंध्यत्व, असा शेरा पडला. तो वाचून मला वाटले की तपासायचे काही उरलेच नाही. प्रत्यक्षात या तिन्ही तपासण्यांत गर्भाशयमुखाचे कार्य कुठेच पाहिले जात नाही, आणि शुक्राणूंना ओलांडावा लागणारा पहिला उंबरठा तर तोच असतो.

हा सुमारे तीन सेंटिमीटरचा मार्ग महिन्यातले बहुतेक दिवस दाट स्रावाने जवळजवळ बंद असतो. स्त्रीबीज बाहेर पडण्याआधी इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढते, तसा हा स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा पातळ आणि पारदर्शक होतो. दोन बोटांत धरून ताणला, तर कित्येक सेंटिमीटर लांब तार न तुटता निघते. काचपट्टीवर तो वाळू दिला, तर सूक्ष्मदर्शकाखाली क्षारांच्या स्फटिकांची नेच्याच्या पानांसारखी नक्षी उमटते. योनीतल्या आम्लतेत शुक्राणू फार काळ तग धरत नाहीत, मात्र या स्रावात आणि गर्भाशयमुखाच्या बारीक घड्यांत ते पाच दिवसांपर्यंतही जिवंत राहू शकतात. बीज बाहेर पडले की प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकामुळे स्राव पुन्हा घट्ट होतो.

पूर्वी गर्भाशयमुखाचे हे कार्य पाहण्यासाठी संबंधानंतर काही तासांनी स्राव घेऊन त्यातले हलते शुक्राणू मोजत. सिम्स आणि ह्यूनर या डॉक्टरांच्या नावाने ती चाचणी ओळखली जाई. नेदरलँड्समध्ये 444 जोडप्यांवर झालेल्या आणि 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चाचणी केलेल्या गटावर उपचार अधिक झाले, तरी दोन वर्षांत गर्भधारणेचे प्रमाण 49 टक्के, तर चाचणी न केलेल्या गटात 48 टक्के निघाले. चाचणी मागे पडली ते योग्यच झाले. शिवाय आययूआय या उपचारात धुतलेले शुक्राणू गर्भाशयमुखापलीकडे थेट गर्भाशयात सोडतात, त्यामुळे तिथला अडथळा न शोधताही टाळता येतो. केवळ गर्भाशयमुखामुळे वंध्यत्व येणेही विरळाच.

माझी तक्रार चाचणी गेल्याची नाही, तिच्याबरोबर प्रश्न विचारणेही गेले याची आहे. बीजनिर्मितीसाठी दिले जाणारे क्लोमिफीन हे औषध काही स्त्रियांत हाच स्राव कमी करते. पेशींतील बदलांसाठी गर्भाशयमुखाचा शंकूसारखा तुकडा काढला असेल, तर मार्ग अरुंद होऊ शकतो आणि स्राव तयार करणाऱ्या ग्रंथीही कमी होतात. हे कळायला यंत्र लागत नाही, पूर्वेतिहास नीट विचारावा लागतो. माझी अशी शस्त्रक्रिया सहा वर्षांपूर्वी झाली होती आणि दीड वर्षाच्या तपासण्यांत ती कोणी विचारली नाही, मलाही सांगावीशी वाटली नाही. आता फाइलच्या पहिल्या पानावर, त्या शेऱ्याच्या अगदी वर, मी ती तारखेसह लिहून ठेवली आहे.