तीन तारखा, एकच तुळई

आमच्या विद्यापीठात संशोधकांना संख्याशास्त्रीय सल्ला देणारा एक लहानसा कक्ष आहे आणि गेली चौदा वर्षे मी तिथे काम करते. या कक्षाला स्वतःचा असा विषय नाही. सकाळी मृदाशास्त्राची विद्यार्थिनी मातीच्या नमुन्यांची यादी घेऊन येते, दुपारी समाजशास्त्राचे प्राध्यापक प्रश्नावली पसरून बसतात आणि संध्याकाळी औषधशास्त्राकडून निकड असल्याचा निरोप येतो. आकडेमोड ही या कामातली सोपी बाजू आहे. खरा वेळ जातो तो समोरचा माणूस एखादा शब्द कोणत्या अर्थाने वापरतो आहे हे समजून घेण्यात. ‘सार्थ’ हाच शब्द घ्या. माझ्या लेखी एखादा फरक सार्थ ठरतो, तो प्रत्यक्षात फरक नसतानाही केवळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता आधी ठरवलेल्या मर्यादेहून कमी भरते म्हणून. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र सार्थ म्हणजे ज्यातून काही अर्थ निघतो ते. दोघे अर्धा तास एकाच शब्दावर एकमत दाखवून वेगवेगळ्या गोष्टी मनात घेऊन उठतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. तरीही ज्या दिवसाबद्दल लिहीत आहे त्या दिवशी या प्रकारची चूक माझ्याच हातून झालेली निघाली.

प्रकरण एका जळालेल्या वास्तूचे होते. पुरातत्त्व विभागाच्या प्राध्यापिका त्या उत्खननाच्या प्रमुख. वास्तूच्या अवशेषांवर राख आणि कोळशाचा एक सलग थर होता आणि आग केव्हा लागली हे ठरवण्यासाठी त्यांनी खड्ड्याच्या तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांतून कोळशाचे तीन तुकडे कार्बन-१४ (ठरावीक वेगाने घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन) कालमापनासाठी दिले होते. प्रयोगशाळेकडून आलेले आकडे होते २१०५, २०८० आणि २०८५, प्रत्येकापुढे अधिक-उणे ३०. हे आकडे वर्षांचे असले तरी कॅलेंडरची वर्षे नव्हेत. ते १९५० हे साल ‘वर्तमान’ मानून मागे मोजलेले असतात. शिवाय कार्बन-१४चे अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे ५७३० वर्षे आहे हे माहीत असूनही, जुन्या निष्कर्षांशी तुलना करता यावी म्हणून, सगळ्या प्रयोगशाळा संकेताने या पद्धतीचे जनक विलर्ड लिबी यांच्या काळातला ५५६८ हाच आकडा वापरतात. हवेतील कार्बन-१४चे प्रमाणही सर्वकाळ सारखे नव्हते. त्यामुळे, ज्यांचे वय वलये मोजून वर्षागणिक ठाऊक आहे अशा झाडांच्या लाकडावरून तयार केलेल्या वक्राशी हे आकडे ताडून मगच इसवी सनाच्या भाषेत उत्तर मिळते.

माझ्याकडे हे काम आले तेव्हा मी तेच केले जे पुस्तकात सांगितले आहे. तिन्ही आकडे एकत्र करणे योग्य आहे का, हे पाहणारी चाचणी लावली. मर्यादा ५.९९ होती आणि माझे उत्तर आले ०.३९, म्हणजे आकडे एकमेकांशी उत्तम जुळत होते. मग सरासरी काढली, २०९०, आणि तीन मोजमापे असल्यामुळे अधिक-उणे ३०चे अधिक-उणे १७ झाले. वक्राशी ताडल्यावर काळ निघाला साधारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यापासून पहिल्या शतकाच्या मध्यापर्यंत. प्राध्यापिका आनंदल्या, कारण ती वास्तू आतापर्यंत मानली जात होती त्यापेक्षा दीडदोनशे वर्षे जुनी ठरत होती. मलाही समाधान वाटले. अनिश्चितता जवळजवळ निम्म्यावर आणून दिल्याचे समाधान आमच्या व्यवसायात सहसा वाट्याला येत नाही.

दोन महिन्यांनी शोधनिबंधाच्या मसुद्याचे शेवटचे वाचन करण्यासाठी आम्ही जमलो. प्राध्यापिका, त्वरकावर आधारित वस्तुमान वर्णपटमापन (कार्बन-१४चे अणू थेट मोजण्याची पद्धत) करणाऱ्या प्रयोगशाळेचे भौतिकशास्त्रज्ञ, पुरालिपीचे, म्हणजे प्राचीन अक्षरवळणांचे, एक ज्येष्ठ अभ्यासक आणि मी, असे चौघे होतो. पुरालिपीचे अभ्यासक त्याच थराखालच्या फरशीवर सापडलेल्या एका त्रुटित शिलालेखाचे वाचन करणार होते. अक्षरांच्या वळणावरून त्यांनी तो लेख सुरुवातीला इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतला मानला होता. पण आमचा आकडा आल्यावर त्यांनी आपल्या परिच्छेदात ‘पुरालिपीच्या आधारे ठरवलेला काळ पुन्हा तपासावा लागेल’ असे एक वाक्य घातले होते. ते वाक्य मी वाचले, पण त्यावर थांबले नाही. आज वाटते, मसुद्यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच होते. चाळीस वर्षे अक्षरे पाहणारा माणूस माघार घेत होता, आणि ती केवळ आमच्या अंदाजापुढे अधिक-उणे लिहिलेले असते आणि त्यांच्या अंदाजापुढे लिहिण्याची पद्धत नाही म्हणून.

वाचन निम्म्यावर आले असताना वनस्पतिशास्त्राची एक संशोधक विद्यार्थिनी उरलेल्या कोळशाची पेटी परत करायला आली. परिशिष्टातल्या तक्त्यात लाकडाची जात लिहायची म्हणून तुकडे तिच्याकडे दिले होते. एवढेच तिचे काम. पेटी टेबलावर ठेवून तिने विचारले, “मॅडम, या तक्त्यात वय असे लिहिले आहे ते नेमके कशाचे?”

“कोळशाचे,” प्राध्यापिका म्हणाल्या.

“कार्बनचे,” भौतिकशास्त्रज्ञांनी दुरुस्ती केली.

“मग आगीचे नव्हे,” ती म्हणाली.

खोलीत कोणी बोलले नाही. तिने अतिशय संकोचाने, पण न थांबता, जे सांगितले ते असे. तिन्ही तुकड्यांतल्या वलयांची वक्रता इतकी कमी आहे की ती जवळजवळ सरळ रेषा वाटतात. म्हणजे हे फांद्यांचे किंवा झुडपांचे सरपण नव्हे, जाड खोडाचे लाकूड आहे. वाहिन्यांमध्ये शेजारच्या पेशींचे फुगवटे शिरून त्या बुजलेल्या दिसतात आणि असे बहुधा गाभ्याच्या लाकडात होते. सालीचा किंवा बाहेरच्या रसकाष्ठाचा (सालीलगतच्या कोवळ्या लाकडाचा) मागमूस नाही. आणि शेवटची गोष्ट, जी ती सांगावी की नाही अशा विचारात होती: तिन्ही तुकड्यांत सलग चार अरुंद वलये आणि त्यांच्यापुढे एक ठळक रुंद वलय असा एकच क्रम दिसतो. “मला वाटते, सर, हे तीन नमुने नाहीत. ही एकच तुळई आहे.”

झाडाचे प्रत्येक वलय त्या त्या वर्षीच्या हवेतला कार्बन घेऊन बनते आणि नंतर त्याची हवेशी होणारी देवाणघेवाण थांबते. त्यामुळे दोनशे वर्षांचे झाड आज तोडले तर त्याच्या गाभ्यातले लाकूड कालमापनात दोनशे वर्षांचे दिसेल, आणि त्याची तुळई करून ती शंभर वर्षे वापरली तर जळण्याच्या दिवशी ते तीनशे वर्षांचे दिसेल. हा जुन्या लाकडाचा प्रश्न म्हणून प्रसिद्ध आहे आणि तो प्राध्यापिकांना माहीत नव्हता असे मुळीच नाही. त्या स्वतः तो वर्गात शिकवतात. पण तीन कोपऱ्यांतून तीन तुकडे घेतले आणि तिन्हींचे वय सारखे आले, तेव्हा त्यांना वाटले की लाकूड जुने असते तर तीन वेगळ्या लाकडांनी तीन वेगळी वये दाखवली असती. तर्क चांगला होता. छत कोसळताना तुळईचे तुकडे होऊन ते खोलीभर विखुरतात, एवढेच त्यात धरलेले नव्हते.

आणि त्या तर्कावर शिक्कामोर्तब केले होते ते माझ्या ०.३९ने. माझी चाचणी एकच प्रश्न विचारते: हे आकडे एकाच खऱ्या वयाची वेगवेगळी मोजमापे असू शकतात का? तिने बरोबर उत्तर दिले होते. एकाच तुळईच्या, बहुधा शेजारशेजारच्या वलयांचे वय वेगळे येण्याचे कारणच नव्हते. ते वय आगीचे आहे का, हे तिला कोणी विचारले नव्हते, आणि विचारण्याचे काम माझे होते. मी तीन साक्षीदारांचे एकमत म्हणून जे नोंदवले ती एकाच साक्षीदाराने तीनदा दिलेली जबानी होती. सरासरीने मोजमापातली यादृच्छिक चूक कमी होते. तिन्ही आकड्यांना एकाच दिशेला ओढणारी चूक सरासरीने तसूभरही हलत नाही, उलट तिच्याभोवतीची कड बारीक झाल्यामुळे ती अधिक खात्रीची दिसू लागते. हे वाक्य मी दरवर्षी पहिल्या व्याख्यानात फळ्यावर लिहिते.

भौतिकशास्त्रज्ञांचे मोजमाप निर्दोष होते. त्यांना विचारलेल्या प्रश्नाचे, म्हणजे या कार्बनचा हवेशी संबंध केव्हा तुटला याचे, उत्तर दिले होते. प्रत्येकाने आपापल्या प्रश्नाचे उत्तर दिले होते आणि ती सगळी एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत असे आम्ही गृहीत धरले होते. मला त्या वेळी दामोदर धर्मानंद कोसंबी यांची आठवण झाली. हा मुळात गणिती माणूस. जनुकशास्त्रात त्यांच्या नावाचे सूत्र आहे आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही त्यांनी काढली. आहत, म्हणजे ठसे मारून बनवलेल्या प्राचीन, नाण्यांच्या अभ्यासात त्यांनी हजारो नाणी तराजूवर घालून वजनांवरून निष्कर्ष काढले, पण त्यामागे वजन नेमके काय सांगते याचा आधी केलेला विचार होता: नाणे हातोहात फिरताना झिजते, म्हणून वजनातली घट ही ते किती काळ व्यवहारात राहिले याची खूण आहे. पाडल्याचे साल आणि फिरल्याचा काळ यांत त्यांनी गल्लत केली नाही. आम्ही वाढल्याचे साल आणि जळल्याचे साल यांत केली.

त्यानंतरचा तास मी पाहिलेल्या सर्वांत चांगल्या तासांपैकी एक होता. प्राध्यापिकांनी मसुदा बाजूला सारला आणि त्याच थरातली माती पाण्यात ढवळून वर तरंगलेले जे काही वेगळे काढले होते, त्याच्या पुड्या कपाटातून मागवल्या. विद्यार्थिनीने तिथेच भिंगाखाली जळालेले धान्याचे काही दाणे वेचले. धान्याचे रोप एका हंगामाचे. त्यातला कार्बन त्याच हंगामाच्या हवेतला, आणि साठवून ठेवले तरी दाणे शतकभर कोणी ठेवत नाही. “एक दाणा पुरेल, काही मिलिग्रॅम कार्बन असला तरी बस,” भौतिकशास्त्रज्ञ म्हणाले. पुरालिपीचे अभ्यासक इतका वेळ गप्प होते. त्यांनी पेन काढून आपल्या परिच्छेदातले ते एक वाक्य खोडले आणि निकाल येईपर्यंत थांबायची गरज नाही, एवढेच म्हणाले. मी दाण्यांच्या आकड्यांची सरासरी काढणार नाही असे आधीच जाहीर केले, तेव्हा सगळे हसले. मी मात्र ते गांभीर्याने म्हटले होते.

खरा वाद पुढे झाला आणि तो काळावरून नव्हता, नावांवरून होता. विद्यार्थिनीचा उल्लेख मसुद्याच्या शेवटी, ऋणनिर्देशात होता. तिचे नाव लेखकांत यावे यावर एकमत झाले, पण कितव्या क्रमांकावर? प्रयोगशाळेच्या विषयांत पहिले नाव काम करणाऱ्याचे आणि शेवटचे गटप्रमुखाचे, म्हणून दोन्ही टोके मानाची आणि मधली जागा गर्दीची. माझ्या गणिती सहकाऱ्यांत आडनावांच्या वर्णक्रमाने नावे छापतात, तिथे क्रमाला अर्थच नसतो. पुरालिपीच्या अभ्यासकांनी आयुष्यात बहुतेक लेख एकट्याच्या नावाने लिहिले होते आणि पाच जण मिळून एक वाक्य कसे लिहितात हेच त्यांना समजत नव्हते. दीड तासाने ठरले की विद्यार्थिनीचे नाव दुसरे येईल आणि कोणी काय केले हे शेवटी स्वतंत्र परिच्छेदात लिहिले जाईल. त्या परिच्छेदात माझ्यापुढे ‘संख्याशास्त्रीय विश्लेषण’ असे आहे. कोणते विश्लेषण टिकले आणि कोणते मागे घेतले, हे मी मुख्य मजकुरातच लिहायला लावले.

साडेतीन महिन्यांनी दोन दाण्यांचे आकडे आले, १९१० आणि १९२५, दोन्हींपुढे अधिक-उणे ३०. ताडल्यावर काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत पडतो, शेवटचे टोक तेवढे तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लागते. वास्तू जिथे होती तिथेच परत आली. पुरालिपीच्या अभ्यासकांना मी दूरध्वनी केला तेव्हा त्यांनी फक्त “बरे झाले” म्हटले आणि लेखातल्या एका तुटक्या अक्षराबद्दल बोलू लागले.

तुळईचे आकडे आम्ही टाकून दिलेले नाहीत. तिच्यात आणि दाण्यांत जो सुमारे पावणेदोनशे वर्षांचा फरक आहे तो झाडाच्या वयाचा, की तुळई आधीच्या एखाद्या इमारतीतून काढून इथे पुन्हा वापरल्याचा, यावर प्राध्यापिका आणि ती विद्यार्थिनी यांचे अजून जुळलेले नाही. सर्वांत मोठ्या तुकड्यावर त्रेचाळीस वलये मोजता आली आहेत. एवढ्याने काहीच ठरत नाही. दोघी पेटीतला उरलेला कोळसा एकेक तुकडा करून पाहत आहेत.

मी माझ्या कपाटातून, सरासरी काढून दिलेल्या जुन्या कालमापनांच्या तीन फायली बाहेर काढल्या आहेत. दोन फायलींतले नमुने हाडांचे आणि बियांचे होते, त्यांना काही धोका नाही. तिसऱ्या फायलीत नमुन्याच्या वर्णनाच्या रकान्यात ‘कोळसा’ एवढा एकच शब्द आहे, आणि त्या नमुन्याचा उरलेला भाग कोणत्या विभागाच्या कपाटात आहे हे मी अजून शोधते आहे.