आमची वाटचाल: न्हावाशेवाची सत्तावीस वर्षं आणि चीजचे तीन कंटेनर

मुलगी महिनाभर मागे लागली होती, पप्पा नवीन वेबसाईट होतेय त्यात "आमची वाटचाल" पाहिजे, दोनशे शब्द द्या फक्त. दोनशे शब्दात आमचं पीक्यूच्या (प्लँट क्वारंटाईन, आयात धान्य-फळांची कीड तपासणारं सरकारी खातं) एका क्वेरीचं उत्तर पण बसत नाही. म्हणलं मी लिहितो तसं लिहितो, तुला कापायचं ते काप.

आम्ही उरणचे, बाहेरून आलेला माल कस्टममधून सोडवणारे एजंट. न्हावाशेवा बंदराला जमिनी गेल्या त्यात थोडी आमची पण गेली. ८४ च्या आंदोलनात वडील होते, आणि ८९ ला बंदर सुरू झालं तेव्हा मी बारावी नापास होऊन घरात बसलेलो. ज्या बंदराने शेत घेतलं त्याच बंदरावर पोराने हमाली करायची हे वडलांना शेवटपर्यंत पटलं नाही, पगार मात्र मोजून घ्यायचे. हमाली म्हणजे फाईलींची. एका जुन्या क्लिअरिंग एजंटकडे लागलो होतो. सकाळी मोऱ्याहून लाँच पकडायची, भाऊच्या धक्क्याला उतरायचं, बॅलार्ड इस्टेटला कस्टम हाऊस, तिथून शिवडीला हाजी बंदर रोडवर प्लँट क्वारंटाईन, मग परत. पावसाळ्यात लाँच बंद असली की पनवेलमार्गे सगळा दिवस एसटीत. आज पोरं एसीत बसून ऑनलाईन बिल ऑफ एंट्री (कस्टमचा आयातीचा अर्ज) टाकतात आणि सर्व्हर दहा मिनिटं हँग झाला की तोंड वाकडं करतात.

१९९८ ला स्वतःचं सुरू केलं, मी आणि मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, दापोलीहून बीएस्सी ॲग्री केलेला माणूस, खताच्या कंपनीत सेल्समन होता आणि कंटाळला होता, सगळं समजावून सांगायची सवय म्हणून मास्तर. पहिल्याच दिवशी म्हणाले, ड्युटी आणि मालाचे एचएस कोड सगळ्या एजंटांना येतात, किडे कोणाला येत नाहीत. आपण किड्यांचं काम करू. म्हणजे जे खायचं आहे, जे पेरायचं आहे आणि जे जिवंत आहे तेवढाच माल घ्यायचा. लोक हसायचे. मशिनरी आणि केमिकल सोडून हे कसले कांदे-बटाटे म्हणायचे.

मास्तरांची एक पेटी होती, अजून आहे, माझ्या टेबलाखाली. त्यात पितळेचं घडीचं भिंग दहापट मोठं दाखवणारं, दोन बारीक-जाड चाळण्या, पोत्यात खुपसून दाणा काढायची लोखंडी नळी, एक मऊ ब्रश, स्पिरिट भरलेल्या काचेच्या छोट्या बाटल्या, आणि एनॅमलचा पांढरा ट्रे, कडेला टवका उडालेला. मसूर आला, वाटाणा आला की क्वारंटाईनच्या साहेबांच्या आधी आम्हीच बघायचो. चाळायचं, खाली पडलेला चुरा ट्रेमध्ये घ्यायचा आणि ट्रे उन्हात ठेवायचा. "दोन मिनिटं थांब, जिवंत असेल तर चालायला लागेल." सगळा धंदा त्या दोन मिनिटांवर. मेलेला किडा म्हणजे धुरी लागू पडली, जिवंत म्हणजे परत फ्युमिगेशन, परत खर्च, परत चोवीस तास कंटेनर सील. त्या चुऱ्यात तणाचं बी सापडलं तर मास्तर किड्यापेक्षा जास्त घाबरायचे. म्हणायचे किडा धुरीने मरतो रे, बी मरतं का बघ. गाजरगवताचं उदाहरण त्यांच्या तोंडात कायम, पन्नासच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलं, परदेशातून आलेल्या धान्याबरोबर आलं असं मानतात, आणि आता राज्यात एक बांध दाखवा जिथे ते नाही. आणि आपण पण काही कमी नाही, आपला खापरा भुंगेरा म्हटलं की बाहेरच्या देशांची झोप उडते. २०१४ ला फळमाशीमुळे युरोपने आपला हापूस थांबवला होता तेव्हा मार्केटमध्ये सगळे ओरडत होते अन्याय अन्याय. मी म्हणलं आपण रोज त्यांच्या मालाला हेच करतो की.

आमची पहिली मोठी पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, वाशी फळ मार्केटचे शेठ. नाव लिहू नको म्हणालेत. १ जानेवारी २००४ पासून नवीन प्लँट क्वारंटाईन ऑर्डर लागू झाली, आधी इम्पोर्ट परमिट, मग तिकडच्या सरकारचं फायटो म्हणजे माल कीडमुक्त असल्याचं सर्टिफिकेट, आणि त्या फायटोवर आपल्याला पाहिजे ते ॲडिशनल डिक्लरेशन शब्दाला शब्द. निम्म्या व्यापाऱ्यांना वाटलं फायटो म्हणजे फायटो, कागद आला की झालं. शेठचं सफरचंद असंच डिक्लरेशनवाचून येऊन उभं राहिलं. त्यांचा जुना एजंट फोन उचलेना. कोणीतरी आमचं नाव सांगितलं. मास्तरांनी तिकडच्या एक्स्पोर्टरला रात्री फोन लावून नक्की कुठली ओळ पाहिजे ते स्पेलिंगसकट सांगितलं, दुरुस्त केलेलं फायटो आलं, माल सुटला. त्यात काही जादू नव्हती पण शेठ त्या दिवसापासून दुसरीकडे गेले नाहीत. स्वतः सीएफएसला (बंदराबाहेरचं कंटेनर तपासायचं गोदाम) यायचे, थर्मासमध्ये चहा, खिशात चाकू, पेटी उघडली की आधी वास घ्यायचे मग कापायचे. बिल शनिवारी, कधी सोमवार झाला नाही. २०१७ मध्ये चीनचं सफरचंद किडीमुळे बंद झालं तेव्हा त्यांचा मोठा धंदा एका दिवसात गेला, एक शब्द बोलले नाहीत, फक्त विचारलं, "भाऊ, आता कुठल्या देशाचे कागद सोपे आहेत?"

मधल्या वर्षांबद्दल काय लिहू. भेसळीचा जुना पीएफए कायदा गेला, पोर्ट हेल्थच्या जागी अन्नसुरक्षेचं एफएसएसएआय आलं, आम्हा एजंटांचं सीएचए हे नाव जाऊन कस्टम्स ब्रोकर झालं, २०१६ ला सगळ्या खात्यांना एकच ऑनलाईन अर्ज म्हणून सिंगल विंडो आली. बेलापूरला ऑफिस घेतलं, नऊ माणसं झाली. चांगलं चाललं होतं. चांगलं चाललेलं कोण वाचतं. मास्तर २०१९ ला गावी गेले, कलमांची नर्सरी काढली. पेटी ठेवून गेले.

आता त्या चीजकडे येतो. हे मी चार वर्षं कुठे बोललो नाही.

हॉटेलांना माल देणारी एक पार्टी होती, नवी, गोड बोलणारी. इटलीहून तीन रीफर (फ्रीजवाले कंटेनर), चीज. चीज म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात किचकट काम, दूध आलं की ॲनिमल क्वारंटाईन आलं, आधी सॅनिटरी इम्पोर्ट परमिट, तिकडच्या पशुवैद्याचं सर्टिफिकेट, त्यावर रेनेट (दूध साकळवायचं द्रव्य) जनावराचं नाही हे लिहिलेलं पाहिजे, आणि शिवाय एफएसएसएआयची एनओसी वेगळी. ते सगळं आम्ही चोख केलं होतं. अडकलं ते तारखेवर. खाण्याच्या मालाला नियम असा की आयातीच्या वेळी साठ टक्के शेल्फ लाइफ शिल्लक पाहिजे किंवा एक्स्पायरीला तीन महिने, दोन्हीत जे कमी ते. बिस्किट-सॉसला तीन महिने लागू होतात, कोणाला त्रास नाही. पण या चीजचं आयुष्यच १२० दिवस, म्हणजे ७२ दिवस शिल्लक पाहिजेत. बनवलं २० फेब्रुवारीला, जहाज येणार ३ एप्रिलला, म्हणजे ७८ शिल्लक. सहा दिवस हातात. मी पार्टीला फोनवर बोललो होतो की सहाच दिवस जास्तीचे आहेत, थोडा ताजा माल उचला. फोनवर. मेल नाही केला. हा माझा गाढवपणा, कबूल.

आणि २३ मार्च २०२१ ला एव्हर गिव्हन नावाचं अजस्त्र कंटेनर जहाज सुएझ कालव्यात आडवं पडलं, वाटच बंद.

सगळं जग त्या जहाजाचे मीम पाठवत होतं, आमच्या नऊ जणांच्या ग्रुपवर पण आले, आणि मी रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलेलो. २९ ला ते निघालं, पण मागे रांग. आमचं जहाज लागलं १४ एप्रिलला. शिल्लक ६७ दिवस. पाच दिवसांनी नापास. आणि तारीख बघा, त्याच रात्री आठपासून महाराष्ट्रात कोरोनाचं ब्रेक द चेन, हॉटेलं आधीच बंद. पार्टीला ते चीज ६७ दिवसांचं काय आणि १२० दिवसांचं काय, नकोच होतं. फोन बंद.

आता यात माझी मोठी चूक अशी की पार्टीच्या शब्दावर शिपिंग लाइनचे चार्जेस मी भरले होते, आणि रीफरचा प्लग चालू राहावा म्हणून सीएफएसला लेटर दिलं होतं की पैसे आमच्याकडून. नॉन-कन्फर्मन्स निघालं, म्हणजे माल नियमात बसत नाही. मग दोनच रस्ते, परत पाठवा नाहीतर नष्ट करा, आणि दोन्हीला पार्टीची सही पाहिजे. चीज २० जूनला एक्स्पायर झालं तरी प्लग चालूच होता. एक्स्पायर झालेलं चीज चार डिग्रीला थंड ठेवायचे पैसे मी भरत होतो. माफी मागत, कमी करून घेत घेत शेवटी माझ्या अंगावर १४ लाख आले. गाडी विकली. बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या, तिने विचारलं पण नाही, तेच जास्त लागलं. ऑगस्टमध्ये माल नष्ट करायला नेला तेव्हा मी स्वतः उभा होतो. खोके फुटत होते आणि आत वाईट काहीच दिसत नव्हतं. लॉकडाऊनमध्ये लोक रेशनच्या रांगेत. तरी नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. तो नसता तर जगभरचा मरायला टेकलेला माल स्टिकर लावून आपल्याकडे ओतला असता, मी असे लोक बघितलेत.

आणि आता दुसरं. आमच्याकडे एक पोरगा होता, गावाकडचाच, मीच ठेवला, मीच कस्टम्स ब्रोकरच्या परीक्षेला बसवला, फी मी भरली. २०१८ ला त्याने आमच्याच बिल्डिंगमध्ये एक मजला वर ऑफिस टाकलं. टाकू दे, मी पण असाच निघालो होतो. पण चीजच्या वेळी हा वाशी मार्केटमध्ये गाळ्यागाळ्यावर सांगत फिरला की यांना शेल्फ लाइफ मोजता येत नाही. ज्याला मी बोटं मोजून ७२ कसे येतात ते शिकवलं, तो. तीन महिन्यांत आमच्या अकरा पार्ट्या तुटल्या. आणि ती चीजवाली पार्टी आता कोणाकडे आहे ओळखा. बोर्डवर लिहिलंय फूड इम्पोर्ट स्पेशालिस्ट. लिफ्टमध्ये भेटला की "काका कसे आहात" म्हणतो. बरा आहे म्हणतो मी.

त्या जुलैमध्ये शेठ ऑफिसला आले, थर्मास घेऊन. चहा ओतला आणि म्हणाले येणाऱ्या सीझनचे कंटेनर तुझ्याकडेच, हे ॲडव्हान्स. मी म्हणलं शेठ, मार्केटमध्ये काय बोलतायत ऐकलं ना. म्हणाले, "ऐकलं. सुएझ तू बंद केलास काय?" नऊपैकी सहा माणसं त्या पैशावर टिकली. तीन गेली, त्यातला एक वरच्या मजल्यावर.

आता इथपर्यंत वाचलंच आहे तर नवीन आयातदारांनी चार गोष्टी ऐका, फुकट आहेत. माल भरायच्या आधी लेबलचा फोटो मागवा, इम्पोर्टरचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, व्हेज-नॉनव्हेजचा ठिपका असलं कस्टमच्या बॉंडेड गोदामात स्टिकर लावून चालतं, पण घटक आणि तारीखच छापली नसेल तर देव पण सोडवत नाही. फायटोची तारीख जहाज सुटल्यानंतरची नको. मशिन आणा नाहीतर मार्बल, खालचं लाकूड बघा, पॅलेटवर आयएसपीएम १५ चा गव्हाच्या लोंबीचा शिक्का नसेल तर तुमचं जर्मन मशिन त्या दोनशे रुपयाच्या फळकुटासाठी उभं राहतं, असे लोक ऑफिसात येऊन माझ्यावर ओरडतात की आम्ही झाडं थोडीच आणलीत. अमेरिकेहून कुत्रा घेऊन येणाऱ्यांनी तिकिटाच्या आधी एजंटला फोन करा, विमानतळावरून नको. रेबीजची लस, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि बाकीचे कागद नीट असले की सहसा तपासून सोडतात. आणि एजंट असाल तर सीएफएसला पैशाचं लेटर देऊ नका, सख्ख्या भावासाठी पण नको. मुलगी म्हणते हे वेबसाईटवर शोभत नाही. राहू दे.

मागच्या आठवड्यात सफरचंदाच्या देठापाशी एक करडा ठिपका दिसला, खवले कीड की नुसता डाग कळेना. मास्तरांना व्हिडिओ कॉल लावला. ते नर्सरीत पाईप धरून उभे. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, भिंग हलतंय, तू चष्मा बदल. डागच निघाला.

त्या पार्टीने ऑगस्ट २१ ला चार लाखाचा चेक दिला होता, तो परत आला. केस चालू आहे. फाईलीत पुरावा म्हणून चीजचं एक लेबल लावलंय, वकील म्हणतो त्याची गरज नाही. पुढची तारीख दिवाळीनंतर आहे.