झुरळाच्या नलिका आणि पाण्याची राखण

झुरळाचे विच्छेदन केलेल्या प्रत्येकाने मध्यांत्र आणि पश्चांत्र (आतड्याचा मधला आणि मागचा भाग) जिथे जुळतात तिथला पिवळसर, केसासारख्या बारीक नलिकांचा झुबका पाहिलेला असतो. इटलीतील बोलोन्याचे शरीररचनाशास्त्रज्ञ मार्चेल्लो मालपिघी यांनी १६६९ साली प्रसिद्ध झालेल्या रेशीमकिड्यावरील ग्रंथात अशा नलिकांचे वर्णन केले, आणि पुढे त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. ‘कीटकांचे उत्सर्जन अवयव’ एवढे सांगून धडा संपतो याची मला खंत वाटते, कारण या नलिका मुख्यतः पाणी राखण्याच्या व्यवस्थेचा भाग आहेत.

आपल्या मूत्रपिंडात रक्त दाबाखाली गाळले जाते. कीटकाचे रक्त मात्र शरीराच्या मोकळ्या पोकळीत खेळते आणि त्याला तेवढा दाब नसतो. म्हणून नलिकेच्या भिंतीतील पेशी ऊर्जा खर्च करून पोटॅशियम आत ढकलतात, त्यामागोमाग क्लोराइड आणि पाणी येते, आणि या प्रवाहाबरोबर टाकाऊ द्रव्येही आत उतरतात. केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ रॅमसे यांनी १९५४ साली काडीकिड्याची नलिका शरीराबाहेर काढून द्रवाच्या थेंबात ठेवली, तेव्हाही ती मूत्र तयार करत राहिली. हे मूत्र आतड्यात उतरते, मलाशय त्यातले पाणी आणि उपयुक्त क्षार परत शोषून घेतो, आणि जवळजवळ न विरघळणारे यूरिक आम्ल विष्ठेबरोबर कोरडेच बाहेर पडते. मीलवर्म या भुंगेऱ्याच्या अळीत तर नलिकांची टोके मलाशयालाच बिलगलेली असतात, त्यामुळे हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८८ टक्क्यांच्या वर असली की ती हवेतले बाष्पसुद्धा शोषू शकते.

आपल्या घरांतल्या अमेरिकन झुरळाची गोष्ट वेगळी आहे, आणि पाठ्यपुस्तकातले ‘झुरळ यूरिक आम्ल उत्सर्जित करते’ हे वाक्य तिथे अपुरे पडते. हे झुरळ नायट्रोजन प्रामुख्याने अमोनियाच्या रूपात बाहेर टाकते आणि यूरिक आम्ल मेदपिंडात, म्हणजे शरीरातल्या चरबी साठवणाऱ्या ऊतीत, साठवते. त्याच मेदपिंडातील पेशींत ब्लाटाबॅक्टेरियम हे जिवाणू राहतात. २००९ साली त्यांचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा युरिया आणि अमोनियातील नायट्रोजनपासून अमिनो आम्ले घडवण्याची क्षमता त्यांच्यात आढळली. प्रथिनयुक्त आहार मिळाला की झुरळाचा यूरिक आम्लाचा साठा वाढतो आणि प्रथिनांची टंचाई झाली की तो घटतो. म्हणून उत्सर्जनाच्या धड्यात मेदपिंडालाही जागा मिळायला हवी.